दोषाचा धनी

खलनायक मुळात असतो की ठरविला जातो, हा प्रश्न साहित्यशास्त्राचा म्हणून विचारला, तर त्याचे उत्तर देणे फारसे अवघड नाही. कथेला संघर्ष लागतो, संघर्षाला प्रतिपक्ष लागतो, आणि प्रतिपक्षाला एक चेहरा लागतो. परंतु हाच प्रश्न नीतिविचाराच्या अंगणात आणून ठेवला की त्याचे सोपेपण नाहीसे होते. दुष्टपणाची भूमिका ज्याच्या वाट्याला आधीच लिहिली गेली आहे, त्याला त्याच्या कृत्यांबद्दल कितपत जबाबदार धरावयाचे? आणि त्याने ती भूमिका टाकून द्यावयाचे ठरविले, तर ती टाकू देण्याची इतरांची तयारी असते काय? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी मी जे पात्र निवडले आहे, त्याच्या मूळ कथा तेराव्या शतकातील आइसलँडच्या ग्रंथांत आहेत आणि त्याची आजची जगभरची ख्याती मात्र न्यूयॉर्कमध्ये निघणाऱ्या स्वस्त, रंगीत चित्रकथांमुळे झाली आहे. हे पात्र म्हणजे लोकी.

चित्रकथेसारख्या बालवाङ्मय समजल्या जाणाऱ्या प्रकारातून नीतिविचाराला खाद्य मिळू शकेल काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. तिचे उत्तर मी स्वतंत्रपणे देत बसत नाही. एवढेच म्हणतो की, एकाच पात्राची कथा साठ वर्षांहून अधिक काळ, वेगवेगळ्या लेखकांनी, खंड पडला तरी पुन्हा उचलून सांगत राहावे, असे आधुनिक वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी घडले आहे. पुराणे अशीच वाढतात. आणि अशा वाढीत जे प्रश्न एका लेखकाला सुचले नसते, तेही कालांतराने कथेच्या पोटातून वर येतात.

प्रथम मूळ कथांकडे वळू. लोकीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते मुख्यतः दोन ग्रंथांतून. एक 'पद्य एड्डा'. हिचे प्रमुख हस्तलिखित 'कोडेक्स रेगियस' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिले गेले. ते शतकानुशतके डेन्मार्कमध्ये होते आणि १९७१ साली आइसलँडला परत मिळाले. दुसरा ग्रंथ स्नोरी स्टुर्लुसन (११७९-१२४१) याने १२२० च्या सुमारास रचलेली 'गद्य एड्डा'. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इ. स. १००० च्या सुमारास. म्हणजे स्नोरी लिहीत होता तेव्हा ज्या देवांविषयी तो लिहीत होता त्यांची पूजा थांबून दोन शतके लोटली होती. श्रद्धा उरली नव्हती, स्मृती उरली होती, आणि ती नव्या धर्माच्या उजेडात वाचली जात होती. लोकीचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

या ग्रंथांतला लोकी देवांचा शत्रू म्हणून अवतरत नाही. तो त्यांच्यातच राहतो. एका दैत्याचा हा मुलगा. पण 'लोकासेन्ना' या काव्यात तो ओडिनला आठवण करून देतो की, प्राचीन काळी आपण दोघांनी एकमेकांचे रक्त मिसळले होते. म्हणजे तो ओडिनचा शपथेचा भाऊ. मराठी वाचकाला त्याच्या लीला वाचताना कळीच्या नारदाची आठवण व्हावी, अशाच त्या आरंभी आहेत. थॉरची पत्नी सिफ हिचे केस तो निव्वळ खोडीपायी कापतो. मग थॉरच्या मुठीत सापडल्यावर बुटक्या कारागिरांकडे धाव घेतो, त्यांच्यात पैज लावतो, आणि या उपद्व्यापातून केवळ सिफचे सोनेरी केसच नव्हे, तर ओडिनचा भाला आणि थॉरचा प्रसिद्ध हातोडाही देवांच्या पदरात पडतो. पैजेत स्वतःचे डोके लावलेले असते. डोके तुझे, पण मान माझी, असा वकिली मुद्दा काढून तो ते वाचवतो आणि शेवटी ओठ शिवून घेण्यावर निभावते. देवांची सारी आयुधे अशी एका लबाडाच्या लबाडीतून आली आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आसगार्डच्या तटाची कथा याहून महत्त्वाची. एक अनोळखी कारागीर येऊन तट बांधून देण्याची तयारी दाखवितो. मोबदला म्हणून फ्रेया ही देवी, सूर्य आणि चंद्र मागतो. लोकीच्या सल्ल्याने देव करार करतात, पण मुदत अशी घालतात की काम पुरे होऊ नये. कारागिराचा घोडा असा काही राबतो की काम पुरे होऊ लागते. तेव्हा सारे देव लोकीवर उलटतात: मार्ग काढ, नाही तर मर. लोकी घोडीचे रूप घेऊन त्या घोड्याला भुलवून नेतो, काम अडते, कारागीर खवळतो, आणि त्याच्या रक्षणाची शपथ घेतलेली असताना थॉर त्याचे डोके फोडतो. शपथ मोडली ती देवांनी. तट मात्र उभा राहिला आणि देव त्याच्या आड सुखाने राहू लागले. ज्या समाजाला आपले हात स्वच्छ ठेवावयाचे असतात आणि तटही हवा असतो, त्याला एक लोकी पाळावा लागतो. कामापुरता तो आपला असतो; हिशेबाच्या वेळी तो दैत्याचा पोर ठरतो.

आणि त्याची मुले? अंगरबोदा या दैत्यिणीपासून त्याला तीन अपत्ये झाली: फेनरिर हा लांडगा, योर्मुंगांड हा सर्प आणि हेल ही कन्या. यांच्याकडून आपला घात होणार, असे भविष्य देवांना कळले. मग सर्पाला समुद्रात फेकण्यात आले, हेलला मृतांच्या प्रदेशात धाडण्यात आले, आणि फेनरिरला खेळ म्हणून फसवून कधीही न तुटणाऱ्या दोरीने बांधण्यात आले. ही फसवणूक लोकीची नव्हे, ही देवांची. तोवर त्या तिघांनी कोणाचेही काही बिघडविले नव्हते. दुर्योधनाच्या जन्मकाळी अपशकुन झाले तेव्हा कुलासाठी या एकाचा त्याग करावा, असा सल्ला विदुराने धृतराष्ट्राला दिला होता. धृतराष्ट्राने तो मानला नाही, आणि त्या न मानण्याला आपण आजवर पुत्रमोह म्हणत आलो आहो. नॉर्स देवांनी तसा सल्ला मानला. भविष्य टळले नाही ते नाहीच. उलट, बांधलेल्या लांडग्याला देवांचा द्वेष करण्याचे सबळ कारण मिळाले.

येथवर वाचणाऱ्याला वाटेल की मी लोकीचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही, कारण यापुढे बाल्डरचा वध आहे. बाल्डर हा ओडिनचा सर्वांना प्रिय असलेला पुत्र. त्याला इजा करणार नाही, अशी शपथ त्याच्या आईने, फ्रिगने, साऱ्या वस्तूंकडून घेतली. फक्त मिसलटो नावाचे एक कोवळे बांडगूळ तेवढे वगळले. देव गंमत म्हणून बाल्डरवर शस्त्रे फेकत आणि ती त्याला लागत नसत. लोकीला हे पाहवेना. त्याने बांडगुळाची डहाळी आणली, आंधळ्या होडच्या हाती दिली आणि नेमही त्यानेच धरून दिला. बाल्डर मेला. पुढे हेलने सांगितले की जगातील प्रत्येक वस्तू त्याच्यासाठी रडली, तर त्याला परत पाठवीन. सारे रडले. गुहेत बसलेली थोक नावाची एक दैत्यीण मात्र रडली नाही, आणि ती लोकीच होती, असे लोक मानतात, हे स्नोरी सांगतो. या कृत्याला कोणतीही सबब नाही. मत्सर आहे, पण तोही स्नोरी उलगडून सांगत नाही. ज्याने कधी कोणाचा अपराध केला नाही त्याला मारणे, आणि ते दुसऱ्याच्या, त्यातही आंधळ्याच्या हाताने करविणे, हे खोडीच्या पलीकडचे आहे. तटाचे प्रकरण सांगून बाल्डरचे रक्त धुता येत नाही.

तथापि येथेही एक विचित्र गोष्ट आढळते. डेन्मार्कचा इतिहासकार साक्सो ग्रामाटिकस याने स्नोरीच्या थोडे आधी, १२०० च्या सुमारास, हीच कथा लॅटिनमध्ये सांगितली आहे. तिच्यात होड हा डोळस वीर आहे, बाल्डरशी त्याचे वैर एका स्त्रीवरून आहे, आणि तो स्वतःच्या हाताने, तलवारीने बाल्डरला मारतो. लोकी या कथेत कोठेही नाही. दोन कथांपैकी जुनी कोणती, याविषयी विद्वानांत एकमत नाही. जॉर्ज द्युमेझिल या फ्रेंच पंडिताने १९४८ साली लोकीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून स्नोरीची बाजू घेतली, आणि पुढील लेखनात या कथेची सांगड महाभारताशी घातली: आंधळा होड आणि आंधळा धृतराष्ट्र, चिथावणारा लोकी आणि कलीचा अंश असलेला दुर्योधन, आणि शेवटी दोहोंकडे सर्वसंहार. ही जुळणी मोहक आहे. ती कितपत टिकावी याविषयी मी साशंक आहे. पण तिच्यामुळे एक फरक लख्ख दिसतो. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोहोचतो आणि त्याला पहिला दिसतो तो दुर्योधन, दिव्य आसनावर बसलेला. धर्मराज असूनही त्याला ते सहन होत नाही. येथे वैर उरत नाही, असे नारदाला त्याला सांगावे लागते. नॉर्स कथेतही प्रलयानंतर नवी पृथ्वी वर येते, बाल्डर परत येतो, आणि त्याच्यासोबत होडही. मारला गेलेला आणि मारणारा एकत्र नांदतात. लोकी परतत नाही. ज्या हाताने मारले त्याला क्षमा आहे; ज्याने हात धरला त्याला नाही. महाकवींनी कलीच्या अंशालाही जे दिले, ते उत्तरेच्या कवींनी लोकीला दिले नाही.

आता १९६२ सालाकडे येऊ. त्या वर्षी ऑगस्टच्या 'जर्नी इन्टू मिस्टरी' या मासिकात स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांनी थॉरला महानायक म्हणून उभे केले आणि दोनच अंकांनंतर, ऑक्टोबरच्या ८५ व्या अंकात, त्याच्यासमोर लोकीला आणले. १९४९ साली 'व्हीनस' या मालिकेत त्याच प्रकाशनसंस्थेने लोकीला एकदा वापरले होते. पण आज जो ओळखला जातो तो हा. या पहिल्याच कथेत लोकी एका झाडात कोंडलेला आहे, आणि त्याच्या दुर्दैवासाठी कोणीतरी एक अश्रू ढाळीपर्यंत त्याची सुटका नाही. लोकी झाडाचे एक पान असे पाडतो की ते पहारेकरी हाइमडालच्या डोळ्यांत जाते, डोळ्यांतून पाणी येते आणि लोकी मोकळा होतो. मूळ कथेत एका अश्रूच्या अभावी बाल्डर अडकून पडतो. येथे एका खोट्या अश्रूने लोकी सुटतो. लेखकांनी हे जाणून केले की नाही, कोण जाणे. पण पुढील पन्नास वर्षांचा सारा प्रश्न त्या पानात आहे. लोकीसाठी खरोखरीचा अश्रू कोणी ढाळील काय?

आरंभी तरी तसा संभव नव्हता. अमेरिकेतील चित्रकथांवर १९५४ पासून प्रकाशकांनी स्वतःच घालून घेतलेली आचारसंहिता लागू होती. प्रत्येक कथेत सत्पक्षाचा जय आणि अपराध्याला शासन झालेच पाहिजे, असा तिचा दंडक होता. शिवाय मासिक दरमहा निघणार. म्हणजे खलनायकाने दरमहा हरले पाहिजे आणि पुन्हा येण्यापुरते शिल्लकही राहिले पाहिजे. कर्बीने त्याच्या मस्तकावर शिंगे चढविली. एड्डांतल्या लोकीला शिंगे नाहीत. नॉर्स वीरांना शिंगांचे शिरस्त्राण मिळाले ते एकोणिसाव्या शतकातील रंगभूमीवर, वाग्नरच्या संगीतिकांच्या वेषभूषेत. परंतु ख्रिस्ती जगातल्या मुलाला शिंगे पाहताच जे कळावयाचे ते कळते. शिंगे असलेल्या पात्राला हेतू विचारण्याची गरज पडत नाही.

हेतूची गरज पडली ती लौकरच, आणि येथे आधुनिक मनाने आपले काम केले. १९६५ च्या आरंभी त्याच मासिकातील एका छोट्या पूरककथेत असे दाखविण्यात आले की, ओडिनने हिमदैत्यांचा राजा लाउफे याला युद्धात मारले, तेथे त्याला एक इवलेसे मूल सापडले, आणि ते त्याने थॉरचा भाऊ म्हणून वाढविले. मूळ कथेत लाउफे ही लोकीची आई आहे. नॉर्स जगात माणूस बापाच्या नावाने ओळखला जात असता लोकी मात्र आईच्या नावाने ओळखला जातो, आणि हे त्याचे एक वेगळेपण. चित्रकथेने त्या आईलाच बाप करून टाकले. शपथेचा भाऊ दत्तकपुत्र झाला, विश्वाचा प्रश्न घरचा प्रश्न झाला. हे बदल केवळ अज्ञानाने झाले असे म्हणून सोडून देता येत नाही. ज्याने बापाला मारले त्याच्याच मांडीवर वाढणे, त्याच्याच औरस मुलाच्या सावलीत, आणि तरीही कृतज्ञ असावे अशी सर्वांची अपेक्षा असणे, ही स्थिती एड्डांत नाही. पाचसहा पानांच्या त्या कथेला आपण काय निर्माण केले हे बहुधा उमगलेही नसावे. लोकीच्या मत्सराला आता कारण मिळाले, आणि कारण मिळाले की दोष वाटला जाऊ लागतो.

वॉल्टर सायमनसन याने १९८३ ते १९८७ या काळात थॉरच्या मालिकेचे लेखन केले, त्यातील १९८५ चा एक प्रसंग उल्लेखनीय आहे. सर्वनाश करावयास निघालेल्या सुर्तुरसमोर ओडिन, थॉर आणि लोकी शेजारी उभे राहतात. बाप आसगार्डसाठी लढतो, थॉर पृथ्वीसाठी. लोकी मात्र आपण आपल्याचसाठी लढत असल्याचे जाहीर करतो. त्याच्या तोंडी दुसरे काही घातले असते तर ते खोटे वाटले असते. त्याच लोकीने पुढील वर्षी थॉरला बेडूक करून सोडले, हेही सांगितले पाहिजे; मासिकाला कोणाच्याही हृदयपरिवर्तनासाठी थांबता येत नाही.

पुढे २००४ मध्ये रॉबर्ट रोडी आणि चित्रकार एसाद रिबिच यांनी चार अंकांची एक छोटी मालिका केली. तिच्यात लोकी जिंकलेला आहे. आसगार्डचे सिंहासन त्याचे, थॉर बेड्यांत. पण आता काय करावयाचे हे त्याला कळत नाही. मृतांच्या प्रदेशातील बाल्डरकडून त्याला कळते की इतर विश्वांतही लोकी आहेत, आणि थॉरच्या विरोधात उभे राहणे हेच त्या सर्वांचे प्राक्तन आहे. ही मालिका मला फार समर्थ वाटते, पण तिने काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. लिहून ठेवलेल्या भूमिकेचे दुःख दाखविता दाखविता ती त्या भूमिकेलाच सबब करून टाकते. सर्वच विश्वांत मी असाच आहे, या वाक्यात जितका विषाद आहे तितकीच सोयही आहे.

खरा पेच त्यानंतर आला. २०१० साली लोकी मरतो. ज्या आक्रमणाला त्यानेच चिथावणी दिली, त्यात आसगार्डचा विध्वंस पाहून तो आक्रमकाच्या आड येतो आणि मारला जातो. पुढील वर्षी थॉरला पॅरिसच्या रस्त्यांवर हातचलाखीने लोकांना गंडविणारा एक पोरगा सापडतो. तो लोकी आहे, पण मागचे त्याला काही आठवत नाही. कीरन गिलेन याने २०११-१२ या काळात 'जर्नी इन्टू मिस्टरी' या जुन्याच नावाने या मुलाची कथा लिहिली. आसगार्डचे लोक त्याचा तिरस्कार करतात. थॉर तेवढा त्याच्या पाठीशी उभा राहतो. जॉन लॉकने आपल्या मानवी आकलनावरील निबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत असे प्रतिपादिले होते की, व्यक्ती तीच राहते ती तिच्या जाणिवेच्या सलगतेमुळे; आणि 'व्यक्ती' हा शब्दच मुळी न्यायनिवाड्याचा, कर्मे व त्यांचे दोष नेमून देण्याचा आहे. लॉकच्या न्यायाने हा पोरगा निर्दोष आहे. ज्यांची माणसे मेली त्यांना लॉक पटत नाही. त्यांच्या आठवणी शाबूत आहेत. त्या पोराच्या गेल्या म्हणून यांच्या जात नाहीत.

येथे आपल्याला वाल्याचा वाल्मीकी झाल्याची कथा सुचते, परंतु ती मला पुरेशी वाटत नाही. वाल्या वारुळात बसतो आणि वाल्मीकी होऊन बाहेर येतो. त्याने ज्यांना लुटले, मारले, त्यांच्या घरची माणसे त्या कथेत पुन्हा कोठेच येत नाहीत. अंगुलिमालाची कथा अधिक खरी आहे. 'मज्झिमनिकाया'तील सुत्तात तो भिक्षू होतो, अर्हत होतो, आणि त्यानंतरही श्रावस्तीत भिक्षेला गेला असता त्याला धोंडे आणि काठ्या बसतात. फुटलेले डोके आणि मोडलेले पात्र घेऊन तो परततो. बुद्ध लोकांना दोष देत नाहीत आणि अंगुलिमाल बदललेला नाही असेही म्हणत नाहीत. हे सोसावयाचे आहे, एवढेच सांगतात. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे तेथे मान्य केलेले आहे.

पण गिलेनच्या कथेचा शेवट याहून कठोर आहे. जुन्या लोकीने हा पुनर्जन्म आधीच आखलेला असतो. आपण पुढे काय करणार हे सर्वांना ठाऊक झाले, हाच आपला पराभव, हे त्याला कळलेले असते; म्हणून तो मृत्यूतून निसटून नवा होऊ पाहतो. त्याची स्मृती 'इकोल' नावाच्या पक्ष्याच्या रूपाने त्या मुलाच्या खांद्यावर बसलेली असते. लोकी हे नाव उलट वाचले की इकोल होते. शेवटी जगावरील संकट टाळण्यासाठी त्या मुलाला स्वतःचे अस्तित्व पुसून आपले शरीर जुन्या लोकीच्या हवाली करावे लागते. मूल बदलू शकले होते. जग त्याला ते मानू देत नव्हते. आणि आता ते मूलच उरले नाही. जो उरला तो त्या मुलाच्या चेहऱ्याने वावरतो. आणि नवल असे की, त्याला आता खरोखरच चांगले व्हावयाचे आहे. निरपराध जिवाची जागा बळकावून त्या जागेवर सदाचाराने राहावयाचे, हा प्रश्न केवळ चित्रकथेतला नाही. पूर्वजांनी बळकावलेल्या जमिनीवर आज प्रामाणिकपणे नांगर धरणाऱ्यांपुढेही तो आहे.

अल ईविंग आणि ली गार्बेट यांच्या 'लोकी : एजंट ऑफ आसगार्ड' (२०१४-१५) या सतरा अंकांत हाच धागा पुढे नेलेला आहे. आसगार्डच्या राज्यकर्त्या स्त्रिया त्याच्याशी करार करतात: आमची एकेक कामगिरी कर, आम्ही तुझा एकेक जुना अपराध दप्तरातून पुसून टाकू. तटाच्या कारागिराशी झालेल्या कराराची येथे आठवण व्हावी. त्याच्या लबाडीचा उपयोग अजून हवाच आहे, फक्त आता मोबदला विस्मृतीचा आहे. मला हा करार दोन्ही बाजूंनी खोटा वाटतो. हॅना आरेंट हिने 'द ह्यूमन कंडिशन' (१९५८) या ग्रंथात म्हटले आहे की, केलेली कृती परत घेता येत नाही, या संकटावर क्षमा हाच उपाय मनुष्याजवळ आहे. क्षमा नसेल तर मनुष्य आपल्या एकाच कृत्यात कायमचा कोंडला जाईल. झाडात कोंडलेला लोकी हे त्याचे चित्रच म्हणावयाचे. पण क्षमा ही कृत्याची आठवण ठेवूनच करता येते. जे दप्तरातून पुसले गेले त्याची क्षमा कोण कोणाला करणार? बाल्डरचा वध पुसला, तर बाल्डरही थोडा पुसला जातो.

या मालिकेत भविष्यकाळातून आलेला एक वृद्ध लोकीही आहे, जो तरुण लोकीला पुनःपुन्हा बजावतो की काहीही केलेस तरी तू शेवटी मीच होणार. त्याचे म्हणणे निराधार नाही. जग त्याच्या बाजूने साक्ष देते. पण स्वतःविषयी असे बोलणाऱ्याला जगाची साक्ष किती हवीहवीशी असते, हेही ईविंगने दाखविले आहे. आपण वाईट ठरविले गेलो ही तक्रार खरी असूनही, ती तक्रार करणारा त्या ठरविण्यात सामील होऊ शकतो. तरुण लोकी तो निवाडा मानीत नाही. मुलाच्या बाबतीत आपण काय केले हे तो कबूल करतो, आणि त्या कबुलीने त्याला क्षमा मिळत नाही. जवळची माणसे तुटतात. कबुलीनंतर काही मिळाले नाही म्हणून ती मागे घेत नाही, एवढाच त्याचा बदल. मला तो पुरेसा वाटतो, इतरांना वाटेलच असे नाही.

२०११ पासूनच्या चित्रपटांमुळे लोकी कोट्यवधींचा लाडका झाला, त्यावर विसंबून काही म्हणू नये. टॉम हिडलस्टनच्या चेहऱ्यावर भाळून लोकीला माफ करणाऱ्यांचे लोकीने काही बिघडविलेले नाही. ज्यांना इजा झाली नाही त्यांच्या क्षमेला किंमत पडत नाही.

जुन्या कथेत मात्र एक पात्र आहे, ज्याचा विचार चित्रकथांनी फारसा केला नाही. बाल्डरच्या वधानंतर देवांनी लोकीला त्याच्याच मुलाच्या आतड्यांनी खडकाला बांधले आणि त्याच्या तोंडावर विष ठिबकत राहील असा सर्प वर टांगला. त्याची पत्नी सिगिन तेथे त्याच्याजवळ पात्र धरून बसते आणि विष झेलते. तिने त्याला निर्दोष म्हटल्याचे कोठे लिहिलेले नाही. तिने त्याला सोडविण्याचा यत्न केल्याचेही नाही. ते आतडे तिच्याही मुलाचे आहे. पात्र भरले की तिला ते ओतून यावे लागते. तेवढ्यात विष त्याच्या तोंडावर पडते, तो तळमळतो, आणि भूकंप होतात ते त्याने, असे स्नोरी लिहितो. १९७८ च्या सुमारास चित्रकथेने सिगिनला आणले ते लोकीने वेषांतर करून फसवून लग्न केलेली वधू म्हणून. तेथेही ती त्याला सोडून जात नाही. पण दरमहा निघणाऱ्या मासिकात पात्र धरून बसलेल्या बाईला फारशी पाने मिळणे शक्य नव्हते, आणि ती मिळाली नाहीत.